सहावं कलम

हार अजून अण्णांच्या गळ्यातच होता, तेवढ्यात तुळजाबाई आत आली.

"अण्णा, वाचून दावा. आमचं कुठं लिवलंय?"

मार्केट यार्डातल्या हमाल संघटनेचे अध्यक्ष संभाजीअण्णा टाकवले यांनी टेबलावरचा करार उचलला. बारा दिवसांचा बंद आज सकाळी मिटला होता. हमालांचे दर वाढले होते. कांदा निवडणाऱ्या बायकांचं कलम मात्र शेवटच्या तासाला गेलं. "तेवढं काढा, आत्ता सही करतो," असं व्यापारी म्हणाले आणि अण्णांनी ते काढलं. पुढच्या वर्षी बघू, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली. बंदाच्या पहिल्या दिवशी ट्रकपुढे आडवी पडलेली बाई म्हणजे ही तुळजाबाई.

अण्णांनी चष्मा लावला. "कलम सहा. कांदा निवडणाऱ्या महिलांनाही हमालांप्रमाणे कामाची हमी राहील..."

कागदावर पाचच कलमं होती. पण तीस वर्षं भाषणं केलेली जीभ कुठे अडखळली नाही.

तुळजाबाईचे डोळे भरून आले. "त्या वळीखाली रेघ मारा. बायकांना दावते."

अण्णांनी पेन काढलं. थोडा वेळ ते तसंच धरलं आणि सगळ्यात खालच्या ओळीखाली रेघ मारली.

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली. मग रेघेवर बोट टेकवलं.

"अण्णा, ही तर तारीख हाय. आन् वर पाचाच्या म्होरं आकडाच न्हाई." ती हळूच म्हणाली, "अक्षर येत न्हाई मला. आकडं येत्यात. रोज काट्यावर बघते."

अण्णांना मान वर करवेना. "तुळजाबाई, पुढच्या वर्षी नक्की..."

"ऱ्हाऊ द्या."

तिनं कागद घडी घालून त्यांच्यापुढे ठेवला, पदरानं डोळे पुसले आणि दार उघडलं. बाहेर पंधरा-वीस जणी ताटकळत होत्या.

"काय गं, लिवलंय का आपलं?"

आता ही सांगणार. अण्णांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"अण्णा दमल्यात," तुळजाबाई म्हणाली. "उद्या वाचून दावत्याल. चला."

"दमायचेच की," बाहेर कुणीतरी म्हणालं. "बारा दिवस आपल्यापायी नीट जेवलं न्हाईत."