टिंबरीच्या चार शर्यती

"पुस्तकाचं नाव सांगा, सर. बाकी काहीच नको," समता चौथ्यांदा म्हणाली.

अश्वजित सर जानेफळच्या आपल्या अभ्यासिकेतला टेबलपंखा पुसत होते. पंखा स्वच्छच होता.

भरती परीक्षेत समताची नोकरी एका मार्कावर अडकली होती. वयाच्या अटीत बसणारं हे तिचं शेवटचं वर्ष. प्रश्न बासष्टावा : अमेरिकेचा मोटार शर्यतपटू हॅरल्ड टिंबरी एकूण किती शर्यती धावला? समताने चार लिहिलं. उत्तरतालिका पाच म्हणत होती. हरकत आज सहापर्यंत नोंदवायची, सोबत पुरावा जोडायचा.

टिंबरी तिला सरांच्या यंदाच्या नोट्समध्ये भेटला होता. १९५१ साली पहिली शर्यत, रेडिएटर फुटला. दुसरीत तिसरा आला. तिसरीत गाडीचं चाक निखळून त्याच्या आधी पुढे गेलं. चौथी कशीबशी पूर्ण केली आणि गडी कायमचा खिळ्यांच्या दुकानात बसला.

"हे पान सोडलं तरी चालते," असं सर वर्गात म्हणायचे. पण समता पान सोडणाऱ्यांतली नव्हती. घरात हे नाव इतकं घुमायचं की तिच्या आईने, जनकाबाईंनी, एकदा विचारलंच, "हा टिंबरी करते काय? अन् वावर किती हाये त्याले?"

नोट्सना मागणीही तशीच. मेहकरात त्यांची झेरॉक्स मिळायची, बुलढाण्यात झेरॉक्सची झेरॉक्स. सरांना त्यातला एक रुपया मिळत नसे. कटकट मात्र सगळी त्यांच्याकडे यायची. आज समता आली होती.

"दोन वाचनालयं पालथी घातली, सर. नेटवर तर त्याचं नावबी नाही."

"नेटवर सगळंच राह्यते का?"

"मंग तुम्ही कुठून आणलं?"

"वाचलं असंन कुठीतरी."

"कुठीतरी? पुराव्याबिगर बोलू नये, असं तुम्हीच शिकवता ना! अन् आता तो पंखा काऊन घासून राह्यले? साडेपाच वाजले!"

सरांनी फडकं खाली ठेवलं.

"तालिकेत पाचच हाये? नीट पाह्यलं का तू?"

समताने मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. सरांनी चष्मा लावला, बासष्टावा प्रश्न दोनदा वाचला आणि खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे पेपर काढणाऱ्यापाशी मागच्या सालची झेरॉक्स होती."

"कशाची?"

"आपल्या नोट्सची. कोणत्या सालच्या चोरल्या ते समजावं म्हून दर साली शर्यतींचा आकडा बदलतो मी," सर म्हणाले. "टिंबरीले जन्माले म्याच घातलं, पोरी."