सात प्रश्न

“मी कोण? सांग. घाई न्हाय,” अनुप म्हणाला आणि वहीवर पेन टेकवून बसला.

केसरबाईनं लेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग पेनाकडं. मग दाराकडं.

“बसा की. च्या घ्या,” ती म्हणाली.

अनुपनं सातव्या प्रश्नापुढं फुली मारली. सलग अकराव्या दिवशी.

बारामतीच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, हा स्मृतिभ्रंश आहे, आता वाढतच जाणार, आईंना बोलतं ठेवा. अनुपनं त्याची परीक्षा करून टाकली. इंदापुरात सरकारी कचेरीत तीस वर्षं लोकांचे अर्ज तपासलेला माणूस, त्याला दुसरं सुचणार तरी काय. तुझं नाव काय, नवऱ्याचं नाव काय, गाव कुठलं, आज वार कुठला, पोरं किती, पोराचं नाव काय आणि शेवटी, मी कोण. रोज सकाळी आंघोळ करून, भांग पाडून हा वही घेऊन समोर बसायचा. ओली चादर बदलायची बायकोनं, प्रियदर्शनीनं. म्हातारी घराबाहेर पडली की एसटी स्टँडपर्यंत धावायचं तेही तिनंच. साहेबांनी फक्त मार्क द्यायचे.

अशा आजारी माणसांच्या घरच्यांची बारामतीत महिन्याला एक बैठक भरायची. पहिल्या बैठकीला नवरा-बायको दोघं गेले. तिथल्या सुहाना मॅडमनी स्वच्छ सांगितलं, “त्यांना विचारू नका. तुम्ही सांगा. समोर गेलात की आधी स्वतःचं नाव सांगा.”

अनुप तिथून तडक उठला. परतीच्या वाटेवर निमगाव येईस्तोवर त्याचं एकच चाललं होतं. “सख्ख्या आईला मी नाव सांगू? पाव्हणा हाय का मी?”

पुढच्या बैठकीला प्रियदर्शनी एकटीच गेली.

रविवारी डाळजचे महिपतीमामा आले, केसरबाईचे धाकटे भाऊ. चपला काढायच्या आधीच त्यांनी दारातून विचारलं, “आक्का, वळखलं का मला?” भेटायला येणारा प्रत्येक जण हेच करायचा. म्हातारी चुकली की हसायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. आंधळ्यापुढं बोटं नाचवून ‘सांग किती’ म्हणावं, तसली ही माया.

केसरबाई भावाच्या बाजूनं तशीच पुढं निघून गेली. ती सकाळपासून एका जागी ठरत नव्हती. दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दारापर्यंत नुसत्या येरझारा. ओठ सारखे हलत होते.

“बुद्धवंदना म्हणती जणू,” मामा म्हणाले.

“वंदना न्हाय ती,” आतून प्रियदर्शनी बोलली. कुणी लक्ष दिलं नाही.

अनुपला आज मामांसमोर आईच्या तोंडून आपलं नाव हवं होतं. बस्स, एवढंच हवं होतं. त्रेपन्न वर्षांचा माणूस, पण गेले अकरा दिवस त्याला जेवण गोड लागत नव्हतं. त्यानं खुर्ची ओढली, वही उघडली. वही दिसताच केसरबाई येरझारा सोडून खाली बसली. डोक्यावरचा पदर नीट केला.

“नाव काय तुझं?”

“केसरबाई.”

“नवऱ्याचं?”

“नाना.” मान खाली घालून.

“गाव?”

“डाळज म्हायेर. सासर हितंच, इंदापूर.”

वारही बरोबर आला. अनुपचा आवाज चढायला लागला. “पोरं किती?”

“येक.”

“नाव काय त्याचं?”

“अनुप.”

“आणि मी? मी कोण?”

“अनुप,” केसरबाई म्हणाली. जराही अडखळली नाही.

मामांनी मांडीवर थाप मारली. “फस्ट क्लास. आरं, आजारी कोन म्हनतंय हिला? माजंच डोकं तपासून घ्या आता.”

अनुपनं बरोबरची सातवी खूण केली. डोळे पुसत त्यानं आत हाक मारली, “ऐकलंस का? सांग तुझ्या सुहाना मॅडमला. म्हणं विचारू नका.”

प्रियदर्शनी हात पुसत उंबऱ्यात आली. “पहाटेपासून पाठ करत्यात त्या. मला म्हणल्या, वहीवाल्यानं इचारलं की काय सांगायचं तेवढं सांग बाई. मी सांगितलं. काय करू? वही बघितली की अंग कापतं त्यांचं.”

“पाठ का हुईना, डोक्यात ऱ्हायलं न्हवं?” अनुप म्हणाला आणि वही मिटायला लागला.

केसरबाईनं ती मिटू दिली नाही. तिनं डावा अंगठा पदराला पुसला आणि वहीवर धरला.

“हे काय गं आई?”

मामांचं हसू थांबलं. “आरं, बहात्तरच्या दुष्काळात रोडच्या कामावर सायेब लोक हजेरी अशीच घ्यायचे,” ते म्हणाले. “नाव-गाव इचारायचं आन् अंगठा घ्यायचा. आमी दोघंबी खडी फोडायला व्हतो.”

केसरबाईचं भावाकडं लक्षच नव्हतं. ती पेन धरलेल्या माणसाकडं बघत होती. आवाज अगदी हळू, अजिजीचा.

“समदं बरुबर सांगितलं न्हवं, सायेब? मग अंगठा घ्या आन् सोडा मला. तितं बाभळीखाली झोळीत अनुप हाय माझा. सकाळधरनं पाजलं न्हाय त्येला.”