माल्टा हटेना

सेनगावच्या कॉलेजात सरांनी वर्गातच युरोपियन युनियनची बैठक भरवली. प्रत्येक पोरगं एक देश. कराचा कायदा करायचा होता, पण एका जरी देशानं नकार दिला तर कायदा बारगळणार, असा नियम. मंतशाच्या वाट्याला इवलासा माल्टा आला होता. "आमाला सूट द्या, न्हाईतर आमचं न्हाई," एवढंच ती दुपारपासून म्हणून राहिली होती.

"तुमाला काहून सूट?" जर्मनी झालेला नामाजी खेकसला.

तेवढ्यात बाहेर साखरा गावाला जाणाऱ्या शेवटच्या जीपचा हॉर्न वाजला. अर्धा युरोप साखऱ्याचा. सगळ्यांची चुळबूळ सुरू झाली. माल्टाही साखऱ्याचाच, पण तो जागचा हलला नाही. पुन्हा हॉर्न वाजला, तसं जर्मनीनंच बॅग उचलली. "द्या रे हिला सूट!"

कायदा एकमतानं मंजूर झाला आणि युरोप जीपकडं पळाला.

सरांनी मंतशाला विचारलं, "अगं, तुझी पण जीप चुकली असती की!"

"कशी चुकंल सर? जीप भरल्याबिगर सुटत न्हाई," मंतशा निवांत ओढणी सावरत म्हणाली, "अन् भरणारे तर सगळे इथंच बसले होते."