शेवटचे बारा ठिपके

"लेंड्या तपासून तपासून डोळे गेले माझे," टेक्निशियन आक्काच्या कानाशी कुरकुरला. "आईला अजून वाटतं, पोरगा औषधं शोधतोय."

आक्का हसली नाही. मीटिंगच्या खोलीत तिला आज पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती, आणि ती तिच्या कडेला टेकली होती. एकोणीस वर्षं तिने उंदरांची खोली सांभाळली होती. तिथेच राहायचं की तळघरात बाटल्या धुवायला जायचं, हे प्राण्यांची काळजी बघणाऱ्या समितीच्या डॉक्टरीणबाई आज ठरवणार होत्या. जनावरांच्या डॉक्टर. बोलायला कमी, बघायला जास्त.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी पडद्यावर तक्ता लावला. सहा आठवडे, रोजचा एक ठिपका.

"सुई नाही, रक्त नाही. उंदराला हातसुद्धा लावायचा नाही," सर म्हणाले. "फक्त लेंड्या उचलायच्या. जनावर भेदरलं की आजाराशी लढणारं द्रव्य त्याच्या अंगात कमी होतं, आणि ते लेंडीत कळतं. कमी झालं की लाल ठिपका, नाहीतर हिरवा. आता रविवार बघा. सगळे हिरवे. रविवारी या बाई सुट्टीवर. आणखी काय सांगायला हवं?"

आक्काने हात पदराखाली घेतले. पंधरा दिवसांपूर्वी याच हातांचा वास सरांनी सगळ्यांना घ्यायला लावला होता, भर कॉरिडॉरमध्ये, एकेकाला बोलावून. "कसला उग्र वास आहे बघा. उंदीर भेदरणार नाहीत तर काय." टेक्निशियननेही वाकून वास घेतला होता. त्याला साबणाचा वास आला होता. त्याने मान डोलावली होती.

"रविवारी तुम्हालाही सुट्टीच असते ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "खोलीत कोण येतं-जातं, त्याची वही आहे?"

वही आक्काच्या मांडीवरच होती. सर स्वतः कधी सही करत नसत, म्हणून त्यांच्या वाटचं तीच लिहायची. 'सर आले. फोनवर मोठ्याने बोलले. सगळ्या पिंजऱ्यांवर किल्ली वाजवली.' पहिले चार आठवडे मंगळवारी आणि शुक्रवारी.

डॉक्टरीणबाई तारखा वाचत गेल्या. टेक्निशियन पडद्यावर एकेका ठिपक्यावर बाण नेत गेला. लाल. लाल. लाल. मधले सगळे दिवस हिरवे, आणि रविवार सोडला तर त्या सगळ्या दिवशी आक्का कामावर.

"योगायोग," सर म्हणाले.

"आठच्या आठ वेळा?"

सरांनी कॉलर सैल केली. आक्का त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"जिरली," टेक्निशियन टेबलाखाली पुटपुटला.

"यांना हलवायचं काही कारण दिसत नाही मला," डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "आणि सर, तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही." त्या सही करायला वाकल्या आणि थबकल्या. "पण हे शेवटचे बारा ठिपके? दोन रविवार सोडले तर रोज लाल. तुम्ही तर दोनदाच जायचात ना आठवड्यातून?"

"रोज काहीतरी निघायचंच हो. नळ गळतोय, दिवा फडफडतोय. बघायला जावं लागायचं," सर म्हणाले.

"वहीत तर कुठे नळ नाही, दिवा नाही."

टेक्निशियनने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. सर आणि डॉक्टरीणबाई सोडून खोलीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. गेले पंधरा दिवस सकाळचा चहा त्यावरच तर गोड लागत होता. आजचा लाल का रे? लाल, आक्का, लालभडक!

"जाऊ दे, एवढं काही महत्त्वाचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पेन कागदाला लावलं.

"नळाला काही झालं नव्हतं," आक्का म्हणाली.

टेक्निशियनने तिच्या कोपराला हळूच चिमटा काढला. तिने हात काढून घेतला.

"मीच बोलवायचे यांना. रोज. यांची किल्ली वाजली की जनावरं कोपऱ्यात एकावर एक चढायची. खालची तर दिसायचीसुद्धा नाहीत. सगळं बघत मी तिथेच उभी असायचे." ती सरांकडे बघत नव्हती. "आणि हे निघाले की मीच म्हणायचे, थांबा ना सर, एवढी काय घाई."