गावचा बांबू

ठेकेदाराने कागद पुढे सरकवला. "बाई, अध्यक्ष तुम्ही. सही करा, म्हणजे यंदाही बांबू आम्हीच तोडून नेऊ."

ग्रामसभेच्या अध्यक्ष होऊन जैवंताबाईंना महिनाच झाला होता. या माणसासमोर त्यांचे वडील जन्मभर हात जोडून उभे राहिले होते. तरी त्यांनी कागद परत केला.

"जंगल गावाचं आहे जी. माझ्या एकटीच्या सहीनं होत नाही. सभेलाच विचारा."

दुपारी सारं गाव जमलं. बायांनीच जास्त प्रश्न विचारले. मग साऱ्यांनी हात वर करून ठरवलं, यंदा बांबू गावच तोडेल, गावच लिलाव करून विकेल.

ठेकेदारही सभेला आला होता. त्याने विचारलं, "आम्हाला विकाल का?" त्याच्या आवाजात पहिल्यांदाच विनंती होती.

"लिलावात बोली लावा जी," जैवंताबाई म्हणाल्या, "सगळ्यांसारखी."