फॉल्ट कुठचा?

नागावच्या सहलीचा मेल अख्ख्या ऑफिसला आला, दीक्षाला तेवढा आला नाही. शेजारच्या टेबलावरून ऑफिसचे कार्यक्रम बघणारी प्रणाली हळहळली. "मुंबईच्या हेड ऑफिसातून तुझं नाव सिंक झालं नसेल गं. कॉम्प्युटरचं सगळं तूच बघतेस, तूच शोध ना फॉल्ट."

दीक्षाने शोधायला घेतला. ऑफिसात मेलचे ग्रुप दोन जातींचे. एक मुंबईच्या यादीवरून आपोआप भरणारे. त्यातलं नाव इथल्या कुणालाच हलवता येत नाही. दुसरे लोकल, इथेच केलेले. त्यात नाव हाताने घालावं लागतं आणि हातानेच काढावं लागतं. सहलीचा मेल लोकल ग्रुपवर गेला होता. त्यात केव्हाच नोकरी सोडून गेलेला गणराजसुद्धा अजून होता.

दीक्षाचं नाव ती रुजू झाली त्याच दिवशी प्रणालीने घातलेलं दिसलं. पंधरा एप्रिलला ते काढलेलंही दिसलं. तेही प्रणालीनेच.

पंधरा एप्रिलला दीक्षाने ऑफिसात आदल्या दिवशीच्या जयंतीचे पेढे वाटले होते. "आज उपास आहे गं," म्हणत प्रणालीने हात मागे घेतला होता. पेढा उपासाला चालतो, हे तेव्हा दीक्षाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"सापडला का गं?" प्रणालीने मान वळवून विचारलं. "कुठचा निघाला फॉल्ट? मुंबईचाच ना?"

"नाही," दीक्षा म्हणाली. "लोकल आहे."