मोंसेफच्या नावावर

पडद्यावरची ती ओळ शिराझने पुन्हा वाचली. सॉफ्टवेअर जुळवून तयार करणाऱ्या बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये नुकतीच कुणीतरी ती घातली होती. औषधाचे थेंब मोजणारा कोड तयार होताना बाहेरच्या एका अनोळखी पत्त्यावरून फाइल आणायची आणि त्यात मिसळायची, एवढंच तिचं काम. बदलाखाली डिजिटल सही होती मोंसेफची. शिराझने ती उलटसुलट पडताळून पाहिली. सही अस्सल होती.

बारा वाजत आले होते. बाराला यंत्र आपलं आपण बिल्ड पुरं करणार होतं आणि स्फॅक्सपासून गाबेसपर्यंतच्या इस्पितळांतल्या औषधाच्या पंपांमध्ये उतरवणार होतं. त्यातले कितीतरी पंप कालपरवा जन्मलेल्या बाळांच्या नसांना जोडलेले होते.

कंपनीत कुणाचाही बदल दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नसे. अडीनडीला हात बांधलेले नकोत म्हणून दोघांनाच सूट होती, तिला आणि मोंसेफला; कुणाचे अधिकार काढून घेणंही याच दोघांच्या हातात होतं. हे काम तिला शिकवलं होतं मोंसेफनेच. रोज दुपारी तळलेल्या पावाचं एकच फ्रिकासे दोघांत मोडून खायचे, आणि हरीसाची तिखट चटणी जास्त असलेला अर्धा भाग तो हटकून तिच्याकडे सरकवायचा. पण गेल्या आठवड्यात कंपनीचे मालक सी लमजद यांनी विभागप्रमुखाची जागा बाहेरच्या माणसाला दिली, तेव्हा हाच मोंसेफ दार आपटून गेला होता. "माझी किंमत कळेल तुम्हाला एक दिवस!" आज तो रजेवर होता. बहिणीचा साखरपुडा आहे, महदियाला जातो म्हणाला होता.

"शिराझ!" टेलिफोनवर बसणारी हयात दारातून ओरडली. "ऑफिसच्या फोनवर मोंसेफ आहे. नुसता आरडाओरडा चाललाय. तुलाच दे म्हणतो, दुसऱ्या कुणाशी बोलायला तयार नाही."

"फोनवरच थांबव त्याला."

"अगं, पण तो..."

"थांबव म्हटलं ना!"

आवाज ऐकून सी लमजद बाहेर आले. तिने पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, आधी त्याच्याशी बोल तरी. फोनवरच आहे तो. काहीतरी कारण असेल."

"कारण सांगेलच तो, सी लमजद. आणि मला ते पटेल. त्याचं सगळंच पटत आलंय मला आजवर."

तिने आधी बाराला पंपांत उतरणारा रिलीज थांबवला. मग मोंसेफचं नाव उघडलं आणि त्याचे सगळे अधिकार काढून घेतले. सूट गेली, सहीची डिजिटल किल्ली रद्द झाली. क्षणात सगळ्यांच्या पडद्यांवर सूचना झळकली, मोंसेफचा प्रवेश बंद. खोलीतले कीबोर्ड एकदम गप्प झाले. कुणीच तिच्याकडे बघेना.

मग तिने जाऊन फोन उचलला. काय ऐकावं लागेल याची मनाची तयारी केली होती. शिव्या, नाहीतर विनवण्या.

"शिराझ! कुठे होतीस गं? मला बाहेर काढ! आत्ताच्या आत्ता माझा प्रवेश बंद कर!" मोंसेफला धाप लागली होती. "इथे महदियात बंदरावरच्या कॅफेत बसलो होतो. मोटरसायकलवरून दोघे आले नि उघडा लॅपटॉप, त्याच्यावर ठेवलेला फोन, सगळं हिसकावून पळाले. मागे धावलो तर गुडघे फोडून घेतले. कॅफेवाल्याच्या फोनवरून बोलतोय. माझी किल्ली त्यात आहे गं!"

"केलाय बंद," ती कशीबशी म्हणाली. "रिलीजही थांबवलाय. काही गेलं नाही बाहेर."

"गेलं नाही? खरंच?" पलीकडे त्याने मोठ्ठा श्वास सोडला आणि हसायलाच लागला. "वाचलो बाई! पंपांच्या विचाराने जीव अर्धा झाला होता माझा. शाब्बास, पोरी! मी बोंबलत होतो तोवर तू काम उरकलंससुद्धा!"

हसता हसता तो थांबला.

"पण चोरीचं तर मी तुला आत्ता सांगतोय," तो म्हणाला. "मग तू मला बंद कशासाठी केलंस?"

"बदलाखाली सही तुझी होती. मला वाटलं, तूच..." शिराझ म्हणाली. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.